आधी गिलावा, मग छिन्नी

घर बांधताना पैसा कमी पडतो, हे प्रत्येक जण सांगतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो कमी पडणार हे आधीच ठाऊक असतं, आणि सोसायटीचं कर्ज, बायकोचा एखादा दागिना, मुंबईतला भाऊ अशा वाटांनी तो कसाबसा उभा राहतो. माझी तक्रार त्याहून फार लहान आहे. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावी घराचं काम निघालं. भिंतींना गिलावा झाला, गवंड्याने रंधा मारून, स्पंज फिरवून त्या अगदी नितळ केल्या, आणि गिलावा पुरता वाळायच्या आत वायरमन कटर मशीन आणि छिन्नी घेऊन दारात उभा राहिला.

त्याने खडूने रेघा ओढल्या. मीटरच्या जागेपासून छतापर्यंत एक, तिथून प्रत्येक खोलीतल्या बटणांपर्यंत एकेक. कटर फिरला तशी आधी नव्या गिलाव्याची राखाडी धूळ उडाली, मागोमाग चिऱ्याची लाल धूळ, आणि दोन्ही घरभर बसल्या. खाचेत पाइप बसवला, जागोजाग खिळे मारून धरला, वरून सिमेंटचा लेप दिला. दुरून पाहिलं तर काम झालेलं दिसतं. पण नवं सिमेंट आणि आधीचा गिलावा एकजीव होत नाहीत. दोघांचं आकसणं वेगवेगळ्या वेळी होतं, म्हणून सांध्यावर केसाएवढी चीर पडते आणि पाइपच्या वाटेने भिंतभर धावते. रंगाच्या पहिल्या हातात ती दिसते, दुसऱ्या हातात दडते, आणि पाऊस लागला की बाहेरच्या भिंतीला तिथूनच ओल धरते. हेच पाइप गिलाव्याआधी भिंतीत गेले असते, त्यांच्यावर जाळी ठोकली असती आणि मग सबंध भिंत एका दमात लिंपली असती, तर चीर पडायला कारणच उरलं नसतं. सिमेंट तेवढंच, पाइप तेवढाच, मजुरी उलट कमी.

मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, ‘‘वायरमन येईना, बाब. माझी माणसं किती दिवस बसवून ठेवू? हजेरी तर तुम्हालाच पडली असती.’’ वायरमनला विचारलं. तो म्हणाला, ‘‘गिलावा कधी धरणार ते मला कोणी कळवलंच नाही.’’ दोघंही खरं बोलत होते, आणि दोघंही आपापल्या कामात वाकबगार. मेस्त्रीचा ओळंबा कधी चुकत नाही, वायरमनची जोडणी कधी सैल नसते. दोन चांगल्या माणसांनी चांगलं केलेलं काम एकमेकांवर आदळून खराब झालं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तेव्हापासून मी घरांची अंदाजपत्रकं वाचायला लागलो. आमच्या घराचं वाचलं, डिचोलीत मेव्हण्याचं चाललंय त्याचं वाचलं, आणखी ज्यांनी दाखवली त्यांची वाचली. खोदाई, पाया, प्लिंथ, चिऱ्याचं बांधकाम, लिंटल, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग, प्लंबिंग, वायरिंग. पुढे परिमाण, दर, रक्कम. किती, कितीला आणि एकूण किती, हे सगळं पैशापर्यंत लिहिलेलं असतं. ‘कधी’ आणि ‘कशाच्या नंतर’ असे रकाने मात्र एकाही कागदावर मला सापडले नाहीत. वायरिंग यादीत सगळ्यांत शेवटी असतं, म्हणून ते सगळ्यांत शेवटी होतं. यादी करणाऱ्याने ती क्रम म्हणून लिहिलेली नसते, वाचणारा ती क्रम म्हणून वाचतो.

गोव्यात क्रम पाळणं आपल्याला जमतच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. कागदांचा क्रम आपण डोळ्यांत तेल घालून पाळतो. आधी एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन. मग जमीन कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला. मग १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराची सनद. नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, आणि शेवटी १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली पंचायतीचा परवाना. घर उभं राहिल्यावर पुन्हा नियोजन खात्याचा पूर्णत्वाचा आदेश आणि पंचायतीचा राहण्याचा दाखला. या वाटेवर किती चपला झिजतात ते पेडण्या-डिचोलीत कोणालाही विचारा. पण सनद नसताना परवाना मिळाला, किंवा पूर्णत्वाच्या आदेशाआधी राहण्याचा दाखला मिळाला, असं सहसा होत नाही. कारण सोपं आहे. चुकीच्या क्रमाने गेलात तर खिडकीपलीकडचा माणूस फाईल परत करतो. तिथे ‘नाही’ म्हणणारा कोणी तरी बसलेला आहे.

जागेवर तसा कोणी बसलेला नसतो. ओल्या गिलाव्यावर छिन्नी ठेवणाऱ्याला भिंत अडवत नाही. इंजिनिअर आठवड्याला एकदा येतो, सळ्या मोजतो, सही करतो, जातो. घरमालक बँकेत किंवा पर्वरीला नोकरीवर असतो. उरते घरातली म्हातारी, चहाची किटली घेऊन. तिचं ऐकणार कोण? परवान्याच्या कागदाला जेवढे रखवालदार आहेत, त्यातला एक जरी कामाच्या क्रमाला मिळाला तरी घराघरांतल्या कितीतरी चिरा वाचतील, असं मला कळकळीने वाटतं.

आता पावसाचं घ्या. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. २०२५ साली मान्सून मे महिन्यातच गोव्यात पोचला, तो अपवाद. एरवी रोहिणी, मिरग, आर्द्रा यांची हजेरी भिंतीवरच्या कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेली असते. चवथीला काम बंद राहणार, शिगम्यात माणसं मांडावर जाणार, गावच्या जत्रेला कोणी थापी हातात धरणार नाही, झारखंड-बिहारचे कामगार होळीला आणि छठला गावी जाणार, विजापूरकडचे लग्नसराईत जाणार. यातली एकही गोष्ट गुपित नाही. तरी दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट भिंतींवर निळी ताडपत्री चढते आणि ऐकायला मिळतं, ‘‘पावसाने घोळ केला.’’ पावसाला दिलेला हा दोष मला सहन होत नाही. तो आला ठरल्या वेळी. वेळ ठरवली नव्हती ती आपण.

स्लॅबचं तर फार जिवावर येतं. पावसाआधी डोक्यावर छप्पर हवं म्हणून सगळ्यांचे स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतात. स्लॅब घालणं एका दिवसाचं काम. खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. काँक्रीटला पाणी पाजायचं. वर सिमेंटची आळी करून पाणी साचवून ठेवायचं, कडांना ओली गोणपाटं लावायची. आय.एस. ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ही ओल ठेवलीच पाहिजे. हवा कोरडी, तापलेली असेल तर त्याहून जास्त. खालचे टेकूही तसेच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांआधी नाहीत. सहा मीटरहून लांब तुळईला तर २१ दिवस. सेंटरिंगवाल्याला मात्र त्याच फळ्या पुढच्या गावात लावायच्या असतात. सबंध तालुक्याचे स्लॅब एकाच महिन्यात पडले की फळ्यांना पाय फुटतात.

आणि पाणी कुठून आणायचं? एप्रिल-मे म्हणजे नळांचे सगळ्यांत वाईट महिने. पेडणे तालुक्याची तहान मुख्यत्वे चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर भागते, त्याची क्षमता दिवसाला १५ दशलक्ष लिटर, आणि त्याला पाणी येतं तिळारीच्या कालव्यातून. तिळारी हा गोवा आणि महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प. करार १९९० सालचा; खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, २६.७० टक्के महाराष्ट्राचा. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाणी डिचोली, पेडणे आणि बार्देशला. कालवा कुठे फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला की इकडचे नळ आटतात, आणि असं पुन्हा पुन्हा झालेलं आहे. अशा दिवसांत आमच्या वाड्यावर एक टँकर येतो. त्याच्यापुढे बायका कळशा घेऊन उभ्या, आणि मी माझ्या स्लॅबसाठी पिंप घेऊन उभा. पिंप भरून घेताना मान वर होत नाही. पण स्लॅबला पाणी न देता तो तसाच उन्हात करपू द्यायचा, तर पुढची चाळीस वर्षं तो गळणार.

हे टाळता येतं. सरळ विचाराऐवजी उलटा विचार करावा लागतो, एवढंच. छप्पर मेअखेर नको, फेब्रुवारीअखेर हवं, असं आधी लिहायचं. फेब्रुवारीत ओहोळाला पाणी असतं, विहिरीला असतं, हवा बरी असते, कामगार होळीला जायच्या आत स्लॅब होऊन जातो. म्हणजे चिऱ्याच्या भिंती जानेवारीत लिंटलच्या वर जायला हव्यात. म्हणजे पाया नोव्हेंबरमध्ये भरायला हवा. म्हणजे परवाना चवथीच्या आधी हातात हवा, आणि सनदेचा अर्ज त्याच्या आदल्या वर्षी पडायला हवा. एका कागदावर, एका संध्याकाळी बसून हे लिहिता येतं. मग मार्च-एप्रिलमध्ये भिंतींतून पाइप, त्यानंतर गिलावा, पाऊस पडत असताना आतली फरशी. पावसाळासुद्धा कामाचा होतो.

हा हिशेब मी शोधलेला नाही. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी तो मांडला. पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तसाच दुसरा बसवला. आपल्या सिव्हिल डिप्लोमाला तो शिकवतात; फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, बाणांची आकृती काढून दाखवील. त्यातला मुख्य प्रश्न एकच: कोणतं काम एक दिवस लांबलं तर सबंध घर एक दिवस लांबतं? पाया लांबला तर घर लांबतं, स्लॅबचे टेकू लांबले तर लांबतं. खिडक्यांची दारं लांबली तर काहीच बिघडत नाही. आमच्याकडे खिडक्यांची दारं सगळ्यांत आधी आली. सुताराचं काम वेळेत झालं म्हणून त्याने ती आणून टाकली. भिंतीच नव्हत्या, म्हणून ती ताडपत्रीखाली पडून राहिली, फुगली, आणि बसवायच्या वेळी रंध्याने घासावी लागली.

चिऱ्यांचंही तसंच. ट्रक आला तेव्हा प्लॉटवर पायाचे खड्डे चालू होते आणि आत जायला वाट नव्हती. चिरे रस्त्याच्या कडेला उतरवले. नंतर तेच पुन्हा डोक्यावरून आत नेले. जांभा मऊ दगड. जितक्यांदा उचलाल तितके कोपरे झडतात. कोपरा झडला की सांध्यात जास्त चुना-सिमेंट जातं, भिंत वाकडी दिसायला लागते, आणि मेस्त्री म्हणतो, चिराच खराब. चिरा खराब नव्हता. तो लवकर आला होता.

कोणी म्हणेल, घरासारख्या छोट्या कामाला एवढी यातायात कशाला? मी म्हणतो, मोठ्या कामाला ती सक्तीची आहेच. २०१६ च्या रेरा कायद्याखाली ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा किंवा आठहून जास्त सदनिकांचा प्रकल्प विकणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि काम कधी पूर्ण होणार ती तारीख जाहीर करावी लागते. गोव्यातही ती यंत्रणा आहे. विकत घेणाऱ्याला तारीख मागायचा हक्क मिळाला, हे चांगलंच झालं. स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्याला मात्र मेस्त्रीच्या ‘‘फाल्यां येतां’’वर, म्हणजे ‘उद्या येतो’वर, भागवावं लागतं. त्याच्याकडे ना करार असतो ना तारीख.

क्रम न पाळला तर काय होतं ते ज्या कामात जमीन स्वतःच सांगते, असं एक काम आमच्याच तालुक्यात आहे. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, म्हणजे तिळारीचा करार झाला त्याच वर्षी. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. कातळातले बोगदे लांब असूनही पार झाले. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदासुद्धा. अडवलं ते मऊ मातीच्या बोगद्यांनी, आणि त्यांत पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांत जास्त. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. पण पोटात पाण्याने भिजलेली चिकणमाती. कातळात सुरुंग लावून पुढे जाता येतं. इथे एक हात खोदायचं आणि लगेच आधार द्यायचा. तो आधार पक्का झाल्याशिवाय पुढचा हात खोदायचा नाही. घाई केली की छत खाली येतं. तसं ते पुन्हा पुन्हा आलं, आणि त्या कामात मजुरांचे जीव गेले. मार्गावरची बाकीची कामं पुरी होत आली तरी पेडण्याचा बोगदा पुरा होईना. १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्गावर गाड्या धावल्या, तेव्हा सगळ्यात शेवटी तयार झालेल्या कामांत हा होता.

नंतरही त्याने आपला स्वभाव सोडला नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे बोगद्यातल्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या मडगाव, लोंढा, मिरज अशा लांबच्या वाटेने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये पुन्हा आत पाणी आणि चिखल आला, वाहतूक पुन्हा बंद. दोन्ही वेळा भर पावसात. त्या बोगद्याविषयी मला भीतीइतकाच आदरही वाटतो. तिथे आधार आणि खोदाई यांची अदलाबदल कोणी करून दाखवावी! माती ती करू देत नाही. आमच्या गावातल्या भिंतीची माती तेवढी कडक असती, तर वायरमन गिलाव्याच्या आधी आला असता.

तालुक्यातलं दुसरं मोठं काम मोपाचा विमानतळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला मान्यता दिली २००० साली. पायाभरणी झाली १३ नोव्हेंबर २०१६ रोजी. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवान्याला स्थगिती दिली, जानेवारी २०२० मध्ये ती उठली, मग कोविड आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्‌घाटन आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. अडथळे इतके होते, की विमानतळ उभा राहिला याबद्दल ज्यांनी तो बांधला त्यांना मी श्रेय देतो. पण महामार्गावरून विमानतळाला जोडणारा, धारगळच्या सुकेकुळणहून निघणारा रस्ता खुला झाला जुलै २०२४ मध्ये. दीड वर्ष मधे गेलं. त्या दीड वर्षात विमानाला जाणाऱ्या टॅक्सी आणि सामानाचे ट्रक गावांतल्या अरुंद रस्त्यांवरून धावले; शाळेची पोरं कडेला उभी राहून ते जाऊ देत होती. दोन्ही कामं मोठी, दोन्ही झाली. त्यांची वेळ मात्र एकमेकांना विचारून ठरलेली नव्हती.

तुयेंच्या शंभर खाटांच्या इस्पितळाबद्दल लिहायलाच हवं, कारण ते आजारी माणसांचं आहे. इमारत उभी राहिल्यावरही ते सुरू करा म्हणून पेडणेकरांना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं. भिंती उभारायच्या तेव्हाच डॉक्टर, परिचारिका, यंत्रं यांच्या तारखा लिहायच्या असतात. इमारत उभी राहणं हा इस्पितळाच्या कामातला एक टप्पा. शेवटचा टप्पा पहिला रोगी तपासला जातो तो. तोवर तुयेंतली दम लागलेली बाई म्हापशाला जाते, आणि तिथे जमलं नाही तर बांबोळीला.

या सगळ्याच्या मानाने आमच्या वाड्याचा रस्ता काहीच नव्हे. तरी तो सांगतो. चवथीच्या तोंडावर रस्त्यावर हॉटमिक्स झालं, काळंभोर, गुळगुळीत. माटोळीचं सामान घेऊन येणाऱ्या गाड्यांना बरं वाटलं. नंतर कडेने चर खणला गेला, पाण्याच्या पाइपासाठी. पाइप हवाच होता. पण चर बुजवला तो त्यातूनच निघालेल्या लाल मातीने, एका दमात, वरून फावड्याच्या पाठीने थोपटून. चर थर घालून भरायचा असतो, वीतभर थर, तो ठोकायचा, मग पुढचा थर. तसा भरला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात माती खाली बसते, डांबराचा काठ अधांतरी राहतो, चाकाखाली तुटतो. रात्री स्कूटरवरून येणाऱ्याला तो चर दिसत नाही, कारण त्यात पाणी भरलेलं असतं आणि पाण्याची पातळी रस्त्याएवढीच असते. शेजारचे काका तिथे पडले. मनगट प्लास्टरमध्ये गेलं, दिवाळी तशीच गेली. कोणत्या खात्याने आधी खणायला हवं होतं आणि कोणत्या खात्याने नंतर डांबर घालायला हवं होतं, हे त्या दोन्ही खात्यांतल्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

गोव्यात ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरतात. ऑक्टोबरच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, गावातला कोणताही रस्ता डांबरी करण्याआधी तीन सह्या घ्याव्यात: पाण्याची, विजेची आणि टेलिफोन-केबलची. ‘आमचं खालचं काम झालं, पुढची तीन वर्षं खणणार नाही’ एवढंच लिहून द्यायचं. सही नसेल तर रोलर आत येऊ द्यायचा नाही. मोठ्या कामांत असे थांबे लिहिलेलेच असतात. सळ्यांची तपासणी होऊन सही पडल्याशिवाय काँक्रीटचा ट्रक आत घेत नाहीत. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, ‘‘सही न देता ती खाती तीन महिने बसली तर रस्ता खड्ड्यांतच राहू दे?’’ प्रश्न रास्त होता. त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि ठरावात एक ओळ वाढली: महिनाभरात सही किंवा नकार नाही आला, तर खात्याचं काही म्हणणं नाही असं धरून काम करावं, आणि त्यानंतर खणलं तर रस्ता पूर्ववत करण्याचा सगळा खर्च खणणाऱ्याने द्यावा. सरपंच म्हणाले, ‘‘ठराव घेऊ. पण खात्यांना पत्रं कोण लिहिणार, भाई?’’ मी म्हटलं, मसुदा मी करतो, सही तुमची.

पत्रं गेली. आजवर एकाचं उत्तर आलं आहे: वरच्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याखालची त्यांची वाहिनी येत्या फेब्रुवारीत टाकायची आहे. त्याच रस्त्याच्या डांबरीकरणाची निविदा डिसेंबरची आहे. डिसेंबरचं मार्चअखेर करा, वाहिनी आधी जाऊ द्या, असं दुसरं पत्र मी आज लिहून ठेवलं आहे. सोमवारी पंचायतीचा सेक्रेटरी आला की त्यावर जावक क्रमांक घालून घेतो.